मारे प्वातव्हँच्या पाणवाटांवर सायकलने

फ्रान्सच्या पश्चिम भागात, नियोर शहरापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला मारे प्वातव्हँ हा सुमारे एक लाख हेक्टरांचा पाणथळ प्रदेश असून आकारमानाने त्या देशात कामार्गच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागतो. माझे माहेर पेण तालुक्यातल्या खारेपाटात आहे. खाडीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली भातजमीन, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी उघाडी, आणि बांधाला खांड गेली की एका रात्रीत खारे पाणी शिरून पुढे काही हंगाम पीक न देणारी शेते, हे सगळे पाहत मी वाढले. त्यामुळे नांतला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने मे महिन्याच्या अखेरीस या प्रदेशात सायकलने फिरायला जाऊ या असे सुचवले, तेव्हा तिथली देखणी गावे पाहण्यापेक्षा समुद्राकडून घेतलेली जमीन तिथल्या लोकांनी कशी सांभाळली आहे, हे पाहण्याची मला अधिक उत्सुकता होती.

सायकलच का, याचे उत्तर तिथे गेल्यावर आपोआप मिळाले. मोटारीचे रस्ते चुनखडीच्या उंचवट्यांवरून, म्हणजे पाण्यापासून जरा दूर राहूनच जातात. होडीत बसले तर पाणी आणि काठ एवढेच दिसते, काठापलीकडचे कुरण दिसत नाही. पायी चालावे तर अंतर मोठे पडते. सायकलवर बसलेल्या माणसाची नजर मात्र बांधाच्या वर राहते, वेग इतका बेताचा असतो की पाण्याची पातळी कुठे बदलली तेही कळते, आणि जमीन इतकी सपाट आहे की माझ्या वयाच्या बाईलाही दम लागण्याचे कारण नाही.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून जलद गाडीने नियोरला यायला साधारण दोन तास लागतात आणि तिथून कुलों हे गाव दहा-अकरा किलोमीटरवर आहे. आम्ही कुलोंमध्येच सायकली भाड्याने घेतल्या. नदीच्या धक्क्याजवळच्या दुकानात ओळखपत्र दाखवावे लागले, अनामत रकमेसाठी कार्डाची नोंद झाली, आणि मग दुकानदाराने प्रत्येकीला सायकलवर बसवून सीटची उंची ठरवली. पाय पूर्ण खाली गेला असता गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, असे तो स्वतः वाकून दाखवत होता. बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीही होत्या. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी त्या जरूर घ्याव्यात, पण या प्रदेशात चढ जवळजवळ नाहीत, म्हणून आम्ही साध्या गिअरच्याच घेतल्या. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, कुलूप, हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चरचे सामान भाड्यातच मिळाले. हेल्मेट तिथे बारा वर्षांखालच्या मुलांनाच सक्तीचे आहे, तरी आम्ही मागून घेतले.

"आत्या, चढ नाहीत, पण वारा आहे, तेव्हा सकाळी पश्चिमेकडे निघू," असे पुतणी म्हणाली. तिच्या या एका वाक्यावर आमचा सगळा मार्ग ठरला. इथला वारा बहुधा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि दुपारनंतर वाढतो. म्हणून जाताना सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात पश्चिमेला जायचे आणि परतीचा प्रवास पाठीवर वारा घेऊन करायचा, असे आम्ही ठरवले. कुलोंहून ला गारेत, ल व्हानो, आर्से, तिथून नदी ओलांडून दांवी, दांवीला मुक्काम, मग मायझेचा पडका मठ आणि ल माझोवरून पुन्हा कुलों, असा पन्नासेक किलोमीटरचा फेरा झाला. सराईत सायकलस्वार तो एका सकाळीत सहज पुरा करील, पण तसे करून हाती काय लागणार, हे मला सांगता येणार नाही.

कुलों सेव्ह्र नियोर्तेज नदीच्या उजव्या काठावर वसले आहे. धक्क्यावर सपाट तळाच्या लाकडी होड्या रांगेने बांधलेल्या असतात आणि घरांच्या खिडक्यांच्या झडपा ठळक रंगांनी रंगवलेल्या असतात. पूल ओलांडून आम्ही ला गारेतला गेलो. या गावाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. एकच लांब गल्ली, तिच्या कडेने घरे, आणि पुष्कळ घरांना दोन तोंडे: पुढचे दार रस्त्यावर उघडते आणि मागचे पाण्यावर. एके काळी गवत, जळण, भाजी, गुरे, लग्नाचे वऱ्हाड आणि प्रेतयात्रासुद्धा मागच्या दारानेच जात असे. आज मागच्या दारी बहुधा पर्यटकांच्या होड्या असतात, तरी पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि त्या कशाने झिजल्या हे विचारावे लागत नाही.

ला गारेतच्या पुढे डांबरी रस्ता सुटला आणि बारीक खडी दाबून केलेली वाट सुरू झाली. दोन्ही बाजूंना पाणी होते. इथल्या अरुंद कालव्यांना कोंश म्हणतात. एक कोंश दुसऱ्याला काटकोनात मिळतो, त्याहून बारीक चर त्याला येऊन मिळतात आणि त्यांच्या मध्ये चौकोनी कुरणे किंवा मळे राहतात. मेच्या अखेरीस काठाला पिवळा आयरिस फुललेला होता आणि पाण्यावर मसुरीच्या दाण्याएवढ्या पानांची तरंगती वनस्पती पसरायला सुरुवात झाली होती. उन्हाळा चढला की ती कोंश इतके झाकून टाकते की पाणी कुठे संपते आणि गवत कुठे सुरू होते ते नवख्याला कळत नाही. खंड्या दोनदा आडवा गेला, बेडकांचा आवाज सतत होता आणि उंच पॉपलरांच्या शेंड्यांतून हळद्याची शीळ येत होती.

या वाटेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो झाडांपाशी. कोंशाच्या दोन्ही काठांना अ‍ॅशची झाडे ओळीने लावलेली आहेत आणि ती सगळी माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर छाटलेली आहेत. खोड जाड, गाठाळ, बहुतेक वेळा आतून पोकळ; त्याच्या माथ्यावर फुगलेला गड्डा आणि त्या गड्ड्यातून सरळ वर गेलेल्या मनगटाएवढ्या फांद्या. दर पाच-सात वर्षांनी हिवाळ्यात या फांद्या बुडापासून उतरवतात. त्यातून जळण मिळते, झाड उंच न वाढल्याने वादळात मुळासकट उलटत नाही, आणि मुळे काठाच्या मातीला धरून ठेवतात. मी एका झाडाला सायकल टेकवून खाली वाकून पाहिले, तर पाण्याच्या रेषेपाशी मुळांची दाट जाळी दिसली आणि तिच्यामागे निळसर करड्या चिकणमातीचा थर. ही माती समुद्राने आणून टाकलेली आहे. इथले लोक तिला ब्री म्हणतात. मुळांची जाळी काढली तर ही माती दोन-चार पावसाळी हंगामांत कोंशात उतरेल आणि कोंश भरून जाईल.

म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणून पाहायला येतो, त्यातली एकही रेघ इथे आपोआप उमटलेली नाही. दोनेक हजार वर्षांपूर्वी हा सगळा भाग समुद्राचे उथळ आखात होता आणि आज ज्यांवर गावे आहेत ते चुनखडीचे उंचवटे म्हणजे त्यातली बेटे होती. नद्यांचा आणि समुद्राचा गाळ साठत गेला, मीठ आणि मासळी यांवर जगणारे मठ या बेटांवर उभे राहिले आणि पुढे त्यांनीच बांध घालायला आणि पाणी काढून द्यायला सुरुवात केली. १२१७ साली पाच मठांनी एकत्र येऊन खणलेला कालवा आजही ‘पाच मठाधिपतींचा कालवा’ म्हणूनच ओळखला जातो. तो आमच्या मार्गापासून बराच पश्चिमेला आहे. शंभर वर्षांचे युद्ध आणि नंतरची कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धे यांच्या काळात बांधांकडे कोणी पाहिले नाही आणि पाणी परत आले. १५९९ साली चौथ्या हेन्री राजाने दलदली सुकवण्याचा हुकूम काढला आणि ते काम ब्राबांतमधल्या हम्फ्री ब्रॅडली या बांधकुशल माणसाकडे सोपवले. पुढच्या शतकात खणलेल्या एका मोठ्या कालव्याला ‘डच लोकांचा पट्टा’ हे नाव आजही आहे.

खारेपाटात वाढलेल्या माणसाला यातली जी गोष्ट लगेच भिडते, ती अशी. या प्रदेशाचे दोन भाग आहेत. समुद्राकडचा भाग बांधांनी वेढून सुकवलेला आहे आणि तिथे उघडी, झाडे नसलेली शेते आहेत. जमिनीकडचा भाग, ज्यातून आम्ही सायकल चालवत होतो, तो भिजता ठेवलेला आहे. हिवाळ्यात वरच्या खोऱ्यातून पूर आला की पाणी सुकवलेल्या भागाच्या बांधांवर अडते आणि भिजत्या भागात पसरते. इथली कुरणे दर हिवाळ्यात पाण्याखाली जातात, ती जावीत अशीच व्यवस्था आहे. एकाने बुडायचे ठरवले आहे म्हणून दुसरा कोरडा राहतो. आमच्याकडे बांध फुटला की वरच्या आणि खालच्या वाडीत कोणाचे पाणी कोणाच्या शेतात गेले यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणे बंद असते, हे मी पाहिले आहे; त्यामुळे शतकानुशतके चालत आलेला हा करार सहज टिकला असेल असे मला क्षणभरही वाटले नाही. तो टिकवायला फळ्या लावणे, दारे उघडणे, पातळी मोजणे, गाळ काढणे हे काम दर ऋतूत कोणीतरी करत असते. वाटेत जिथे जिथे छोटे बंधारे लागले तिथे आम्ही थांबलो. वरच्या आणि खालच्या पाण्यात वीतभराचाच फरक होता, पण त्या वीतभरावर कुरणातल्या गाईंचा उन्हाळा अवलंबून होता.

गाईंविषयी थोडे सांगायला हवे. काठाच्या कुरणांत आम्हाला मारेशीन जातीच्या गाई दिसल्या. रंग पिंगट, डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती फिकट कड, शिंगे लायर या ग्रीक वाद्याच्या आकाराची. ही जात जवळजवळ संपत आली होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही पाळणाऱ्यांनी आणि संशोधकांनी उरलेली जनावरे शोधून ती वाढवली. चारही बाजूंनी पाणी असलेल्या कुरणांत गुरे न्यायची तर होडीनेच न्यावी लागतात आणि काही शेतकरी अजूनही वसंतात गाई सपाट होडीत चढवून पलीकडे पोहोचवतात. एका कुरणात प्वातूचे गाढवही होते: अंगावर लांब, जटा झालेल्या काळपट केसांचे, थोराड आणि अगदी शांत. १९७७ साली केलेल्या मोजणीत या जातीची अवघी ४४ जनावरे उरली होती.

आर्सेला आम्ही साडेबाराच्या आत पोहोचण्याची दक्षता घेतली होती आणि फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलने जाणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी. दुपारी बारा-साडेबाराला दुकाने बंद होतात ती अडीच-तीनपर्यंत उघडत नाहीत, आणि खानावळींची स्वयंपाकघरे दोनच्या सुमारास थांबतात. पाव सकाळीच घेऊन ठेवावा, आणि बेकरीला सुट्टी कोणत्या वारी असते ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे. पाण्याची बाटली भरायची असेल तर गावाच्या दफनभूमीत जावे. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो आणि सायकलस्वार तिथे पाणी भरतात याचे कोणाला नवल वाटत नाही. फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, एवढे पाहावे. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचे आणि मग काय हवे ते सांगायचे, हा शिष्टाचार खेड्यात तर फारच पाळला जातो. आम्ही तो पाळला आणि प्रत्येक वेळी लोक बोलते झाले.

आर्से हे चुनखडीच्या उंचवट्यावर वसलेले, दगडी घरांचे गाव आहे. त्याच्या धक्क्यावर जुनी देवडी असलेला मोठा वाडा उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोंश येऊन पोहोचतो. जेवणात आम्ही मोजेत मागवली. मोजेत म्हणजे या भागातला पांढरा, पातळ सालीचा घेवडा. तो मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात आणि लोणी घालून वाढतात. बहुधा त्यात डुकराचे मांस असते. पुतणीने आधीच सांगितल्यामुळे आम्हाला ते न घालता मिळाले. दाणा अख्खा राहूनही जिभेवर विरघळत होता. सोबत लसूण आणि लोणी भरून भाजलेला प्रेफू नावाचा पाव होता आणि शेवटी अँजेलिका या वनस्पतीच्या साखरेत मुरवलेल्या हिरव्या देठाचे तुकडे. ही मिठाई नियोरची खासियत आहे. तिची चव पहिल्या घासाला औषधी वाटते, दुसऱ्या घासाला आवडू लागते.

जेवणानंतर सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि तासभर होडीतून फिरलो. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून पिगुय नावाच्या लांब काठीने तळाला रेटा देत होता. एका रुंद वळणावर त्याने होडी थांबवली, काठी गाळात खोलवर खुपसून ढवळली, आणि बुडबुडे वर आले तसा हातातला लायटर पेटवून पाण्याजवळ नेला. निळसर पिवळी ज्योत पाण्यावरून भर्रकन पसरली आणि विझली. तळाशी कुजणारी पाने, फांद्या यांना हवा मिळत नाही, त्यातून मिथेन तयार होतो आणि तो गाळात अडकून राहतो. पर्यटकांना हा खेळ फार आवडतो, आणि तो आवडावाच. मला मात्र त्यात दुसरे काही दिसले: गाळ किती वेगाने साठतो, त्याचा तो पुरावा होता. नावाड्याला मी विचारले तेव्हा त्याने सांगितले की पूर्वी प्रत्येक शेतकरी आपल्यापुरता कोंश उपसून तो गाळ मळ्यावर खत म्हणून टाकीत असे. आता मळे करणारे थोडे राहिले, तेव्हा उपसण्याचे काम यंत्राने आणि सार्वजनिक पैशाने करावे लागते.

त्यानेच अ‍ॅशच्या रोगाचाही विषय काढला. युरोपभर पसरलेली ही बुरशी फ्रान्समध्ये २००८ साली प्रथम आढळली आणि आता या पाणथळीतही पोहोचली आहे. आधी शेंड्याची पाने वाळतात, मग फांद्या, आणि शेवटी बुडाशी डाग पडून झाड मरते. वाटेत मला वठलेली झाडे दिसली होती, पण ती वयाने वठली असतील असे मी समजत होते. आता काठावर एकाच जातीऐवजी विलो, ओक आणि इतर झाडे मिसळून लावली जात आहेत. नवी रोपे काठ्यांना बांधलेली, जाळीने वेढलेली, जागोजागी दिसतात. १९९९च्या डिसेंबरातल्या वादळाने इथली असंख्य पॉपलर आडवी केली होती, तेव्हाही असेच नव्याने लावावे लागले. जाळी कशासाठी, असे विचारल्यावर कळले की कोयपू नावाचा, बीव्हरसारखा मोठा कृंतक कोवळी साल कुरतडतो. कातड्यासाठी दक्षिण अमेरिकेतून आणलेला हा प्राणी सुटून इथे वाढला, आणि काठात बिळे करून तो बांध पोखरतो. खारेपाटात खेकडे हेच काम करतात आणि तिथेही बांधावर फिरणाऱ्या माणसाची नजर आधी बिळांवरच जाते.

आर्सेहून दांवीकडे जाताना वाटेत एका कालव्यावर पूल नव्हता, साखळीची होडी होती. दोन्ही काठांना बांधलेली, कठडे असलेली छोटी लोखंडी तराफ्यासारखी होडी, आणि ती ज्याची त्याने ओढायची. होडी पलीकडच्या काठाला होती, म्हणून आधी पाण्यात बुडालेली साखळी हाताने ओढत ती अलीकडे आणावी लागली. साखळी ओली, जड आणि थंड होती. प्रत्येक ओढीबरोबर तिच्या कड्यांतून ती हिरवी बारीक पाने आणि काळा गाळ हातावर येत होता. सायकली आत चढवून आडव्या न पाडता उभ्या धरायच्या, फाटक लावायचे, मग पुढची साखळी ओढायची. एकीने ओढायचे आणि दुसरीने सायकली धरायच्या, असे आम्ही केले. पलीकडे एक म्हातारे जोडपे वाट पाहत होते. त्यांनी आमच्या सायकली उतरवून घेतल्या, आम्ही त्यांची होडी धरून ठेवली, आणि या दोन मिनिटांत आम्ही कुठून आलो, नांतला पाऊस होता का, इतपत बोलणेही झाले.

दांवी नदीच्या उत्तर काठावर, व्हांदे जिल्ह्यात आहे. हा पाणथळ प्रदेश तीन जिल्ह्यांत आणि दोन प्रांतांत विभागलेला असल्यामुळे त्याच्याविषयीचा कोणताही निर्णय अनेक कचेऱ्यांतून जातो. आम्ही एका घरगुती निवासात उतरलो. सायकली ठेवायला पडवी होती, आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असल्याने जेवणानंतरही नदीकाठच्या वाटेवर पुन्हा फिरता आले. घरमालक शेतकरी होते. १९७० आणि ८०च्या दशकांत सुकवलेल्या भागातली कुरणे नांगरून तिथे मका आणि गहू कसा आला, हे त्यांनी सविस्तर सांगितले. त्यासाठी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकल्या गेल्या, पक्ष्यांची कुरणे आटली, १९९०च्या दशकात या प्रदेशाला प्रादेशिक निसर्ग उद्यानाचा दर्जा गमवावा लागला आणि १९९९ साली युरोपीय न्यायालयाने या पाणथळीच्या रक्षणात कसूर केल्याबद्दल फ्रान्सला दोषी ठरवले. उद्यानाचा दर्जा २०१४ साली परत मिळाला. हे सांगताना ते मका लावणाऱ्या शेजाऱ्यांना नावे ठेवत नव्हते. त्या काळात सरकारच अनुदान देत होते, असे ते म्हणाले.

आताचा वाद उन्हाळ्यातल्या पाण्याचा आहे. हिवाळ्यात भूजल उपसून प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या प्रचंड तलावांत साठवायचे आणि उन्हाळ्यात त्यावर पिके काढायची, अशी योजना सेव्ह्रच्या खोऱ्यात आखली गेली. २०१८ सालच्या समझोत्यात असे १६ तलाव ठरले होते आणि मार्च २०२३ मध्ये सेंत-सोलीन येथे त्यांविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांशी मोठी चकमक झाली. रस्त्याकडेच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर दोन्ही बाजूंच्या घोषणा आम्ही वाचत आलो होतो. माझे मत विचाराल तर, ज्या पाणथळीचे पोट हिवाळ्याच्या पाण्यावर भरते, तिच्या वरच्या अंगाला ते पाणी अडवताना शेतकऱ्याच्या गरजेइतकेच खालच्या कुरणाचेही मोजमाप आधी झाले पाहिजे. आणि ते एकमेकांसमोर बसून झाले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायझेला निघालो. सपाट कुरणांच्या पलीकडे मठाची उंच पडकी भिंत बरीच आधी दिसू लागते. अकराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेला हा सें-पिएरचा मठ तेव्हा बेटावर होता. १३१७ साली तो बिशपचे पीठ झाला, १६४८ मध्ये ते पीठ ला रोशेलला हलवले गेले, आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर वास्तू विकली जाऊन तिचे दगड इतर बांधकामांसाठी नेले गेले. आज छप्पर नाही. सभामंडपाची उत्तरेकडची भिंत, काही कमानी आणि भिक्षूंच्या स्वयंपाकघराचे अवशेष उरले आहेत. अरुंद जिन्याने वर जाता येते. तिथून पाहिले की सगळी रचना एकदम उलगडते. पूर्वेला झाडांच्या रांगांनी आखलेला, दाट हिरवा, भिजता भाग. पश्चिमेला क्षितिजापर्यंत उघडी, फिकट शेते. ज्या बेटावर उभे राहून हे दिसते, तिथल्या माणसांनी समोर पाणीच पाणी असताना हे मनात आणले असेल, याचे मला फार अप्रूप वाटले. मी तिथे बराच वेळ बसून राहिले आणि पुतणीने घाई केली नाही.

परतीच्या वाटेवर वारा ठरल्याप्रमाणे पाठीशी होता. डांबरी रस्त्याचा भाग इथे जरा अधिक आहे, पण वाहने थोडी असतात, आणि गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवण्याचा नियम बहुतेक चालक मनापासून पाळतात. खेड्यातल्या चौकात मात्र उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग तो कितीही बारीक गल्लीतून येवो. आपल्याकडून गेलेल्यांनी हे आठवणीत ठेवावे. ल माझोच्या छोट्या धक्क्यावर थांबून उरलेला पाव आणि चीज खाल्ले. तिथल्या कुरणावर एक जांभळा बगळा बराच वेळ दिसत राहिला. पाणमांजर या भागात आहे, तसाच पोकळ अ‍ॅशमध्ये वाढणारा निळा रोझालिया भुंगाही. दोन्ही आम्हाला दिसले नाहीत. नदीत वाम पूर्वी मुबलक मिळत असे आणि इथल्या खानावळींच्या पाटीवर ती अजूनही असते, पण युरोपभर तिची संख्या फार घटलेली आहे.

संध्याकाळी कुलोंला सायकली परत केल्या तेव्हा दुकानदाराने आधी ब्रेक आणि टायर तपासले, मग अनामतीची नोंद रद्द केली. त्याच्याकडून आम्ही दोन गोष्टी विचारून घेतल्या, त्या जाणाऱ्यांच्या उपयोगाच्या आहेत. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला यातल्या काही वाटा पाण्याखाली असतात, म्हणून त्या दिवसांत निघण्याआधी स्थानिक पर्यटन कचेरीत चौकशी करावी. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुलों आणि ला गारेत इथे फार गर्दी असते, तेव्हा मे-जून किंवा सप्टेंबर बरा. ज्यांच्याकडे अधिक दिवस आहेत त्यांना इंग्लिश खाडीवरच्या विस्त्रेआमपासून ला रोशेलपर्यंत जाणारा, सहाशे किलोमीटरहून लांब असा व्हेलो फ्रांसेत हा सायकलमार्ग याच पाणथळीतून पुढे समुद्रापर्यंत नेतो. माझ्या मनात पुढच्या वेळी मारां गावापासून खाली जायचे आहे. तिथे सेव्ह्रचे पाणी समुद्राला मिळते आणि भरतीचे खारे पाणी अडवणारी दारे आहेत. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात ती कशी मिटतात आणि ओहोटीला किती वेळ उघडी ठेवतात, ते मला काठावर उभे राहून पाहायचे आहे.